अर्ध्या पळीची गोकुळा

कोसमटोल्यात कोणी कोणाला जेवायला बोलावलं, की बोलावणारीला पहिला प्रश्न यायचा, "सुगंधाबाईसारखं जेवण, का गोकुळासारखं?" सुगंधाबाईसारखं म्हणजे पाटावरून उठताना भिंतीला हात टेकावा लागेल असं. गोकुळासारखं म्हणजे घरी परतून पुन्हा चुलीकडे डोकवावं लागेल असं. दोघींची घरं एकाच कुडाच्या अल्याडपल्याड. कुडावर दोडक्याचा वेल एकच होता आणि त्याचा दोडका ज्या बाजूला लोंबेल त्या बाजूचा, असा दोघींचा करार होता. बाकी कशात त्यांचं जमलं नसेल, पण दोडक्यावरून कधी भांडण झालं नाही.

गोकुळा कंजूष होती असं गाव म्हणे. पण ती कंजूष नव्हती. तिच्या घरी भिक्षेकरी रिकामा गेला नाही. फक्त वाढताना तिची पळी अर्धीच भरायची. पानात भात पडला की ती थांबायची, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, आणि त्यानं मान वर केली तरच दुसरी अर्धी पळी. लोकांना ते बघणंच जास्त लागे. पोळ्याच्या दिवशी गावातल्या एका जावयानं तर तोंडावर सांगितलं, की मामी, तुमची पळी बघून माझी भूक लाजून पळाली. गोकुळा म्हणाली, पळाली ना, मग ती खरी नव्हतीच.

हा गुण तिनं बापाकडून उचलला होता. बाप कोलू हा गावच्या मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, राखणीला असे. पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला, की सगळं गाव बघायला यायचं आणि म्हणायचं, काय साजरा दिसते. कोलू मात्र त्या दिवसांत झोपत नसे. जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा असतो, त्यात काटक्याकुटक्या अडकल्या का, एवढंच बघत फिरायचा. लेकीला मांडीवर घेऊन तो सांगे, "तलाव भरावा माय, पन सांडवा मोकळा ठेवावा. पोटाचंही तसंच. तुडुंब भरलं का पाळ फुटते." लेकीनं हे असं धरलं, की पुढे जन्मभर तिला माणसाच्या जागी पोट आणि पोटाच्या जागी तलावाची पाळच दिसली.

आणि देवाची गंमत अशी, की तिला नवरा मिळाला केवळराम.

केवळराम ढिवराच्या घरचा. पावसाळ्यात तलावात आणि नदीत जाळं टाकायचं, धान कापून झालं की जंगलातल्या लाकडाच्या डेपोत लठ्ठे उचलायला जायचं, असं त्याचं वर्ष. अंगानं आडवा, स्वभावानं गायीसारखा. त्याला एकच व्यसन होतं. नाही म्हणता येत नसे. जाळं मागा, देईल. खांदा मागा, देईल. आणि पानात वाढलं तर खाईल. त्यातून सण आला की त्याची खैर नव्हती.

झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई भरते. आज या गावची, परवा त्या गावची. दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ उभा राहतो, लेकीबाळी आणि सोयरेधायरे येतात, आणि त्या दिवशी गावातलं एकही दार बंद नसतं. ज्या घरापुढून जाल त्या घरी बसायचं, बसलं की खायचं. लाखोरीच्या डाळीचे वडे, तांदळाची खीर, ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी कोंबडी, नाहीतर सुकट. "पोट भरलं" हे त्या दिवशी कारण नाही. घरधनीण म्हणेल, शेजारणीच्या घरी भरलं, माह्या घरी नाई. आणि पानातलं टाकून उठणं म्हणजे तिच्या हाताला नाव ठेवणं. असं नाव ठेवलेलं बाया पुढच्या पिढीपर्यंत विसरत नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या मंडईला केवळराम सकाळी घराबाहेर पडला तो संध्याकाळी दोघांच्या खांद्यावर परत आला. सगळं गाव त्याला प्रेमानं वाढत गेलं आणि तो प्रेमानं खात गेला. पुढचे दिवस तो ओसरीत आडवा पडून ओवीसारखं एकच वाक्य म्हणत होता, की आता वडा दिसला तर मी नदीत उडी घेईन. गोकुळा त्याला ओव्याचं पाणी पाजत राहिली आणि विचार करत राहिली. नवरा नाही म्हणणार नाही. गाव थांबणार नाही. मग सांडवा काढायचा कुठून?

तो तिनं त्याच्या पंचातून काढला. पुढच्या मंडईला तिनं त्याला एक मोठा धुवट पंचा दिला आणि शिकवलं. पाटावर बसलं की पंचा मांडीवर पसरायचा. पहिला वडा हातात घ्यायचा, तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा आणि लगेच डोळे मिटून म्हणायचं, वा बाई, हात आहे का काय आहे. घरधनीण ते ऐकून लाजेल आणि आणखी आणायला चुलीकडे वळेल. ती वळली, की उरलेला वडा पंचात. ती परत आली की पान रिकामं, पुन्हा वाहवा. मंडईच्या गर्दीत एकाच पाहुण्याकडे बघत बसायला कोणत्या बाईला फुरसत?

केवळरामला हे पाप वाटलं. पण पहिल्याच वर्षी तो आपल्या पायांनी घरी आला आणि दंडारही बघून आला. मग त्याला ते पाप वाटेनासं झालं. पंचातले वडे गोकुळा दुसऱ्या दिवशी कढीत सोडी, उरलेले तो डेपोत न्यायचा आणि सोबतच्या मजुरांना वाटायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. गावातल्या बाया म्हणायच्या, बिचाऱ्या केवळरामाला घरी अर्ध्या पळीवर ठेवते, म्हणून मंडईला बघा कसा जेवते. गोकुळा ऐकून घेई. दुसऱ्यांच्या हाताचा मान राहतो आणि नवऱ्याची पाळ राहते, तर आपल्या नावाला डाग पडला तरी चालतो, असा तिचा हिशेब.

त्या वर्षीची मंडई झाली आणि दुसऱ्या दिवशी केवळराम डेपोत गेला तो बैलगाडीत आडवा परत आला.

डेपोत सागवानाच्या लठ्ठ्यांची थप्पी लावलेली असते. ती ढासळू नये म्हणून खाली दोन्ही अंगांना जाड खुंट ठोकलेले असतात. एका अंगाचा खुंट कुजला होता. मजुरांनी सांगून ठेवलं होतं, पण मोटारी भरायची घाई होती. दुपार कलल्यावर खुंट मोडला, वरचा लठ्ठा घरंगळला आणि केवळरामच्या पोटावर आला. रक्त नाही, जखम नाही. तो पोट धरून बसला आणि इसरूला म्हणाला, थोडं पाणी दे. इसरू म्हणजे त्याचा रोजचा जोडीदार, लठ्ठ्याचं दुसरं टोक उचलणारा. गाडी जुंपून दवाखान्याकडे निघाले, पण वाटेतच सगळं संपलं. डॉक्टरनं त्याला पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी माती झाली.

गोकुळाच्या पदरात एकच लेक, रंभा, अजून परकरातली. सुगंधाबाई तेरवीपर्यंत रोज कुडाला वळसा घालून भाताची टोपली घेऊन यायची, पानात डोंगर रचायची आणि समोर बसून रडायची. गोकुळा त्यातलं थोडं खायची. त्या दिवसांत सुगंधाबाईनं पहिल्यांदा आग्रह केला नाही.

मग एक दिवस डेपोच्या ठेकेदाराचा मुनशी लच्छूजी आला. लच्छूजी इकडचाच, अहेरीकडचा. पोट पुढे, चष्मा खाली, खाण्याचा भारी शौकीन. माणूस वाईट नव्हता, नोकरी वाईट होती. त्यानं खिशातून थोड्या नोटा काढल्या, शाईची डबी काढली, एक कागद काढला, आणि मान खाली घालून म्हणाला, की शेटजींनी खुशीनं पाठवले आहेत, इथे अंगठा द्या, मिटलं म्हणा. गोकुळानं विचारलं, काय मिटलं? लच्छूजी घुटमळला. शेवटी कळलं ते असं. शेटजींचं म्हणणं, की लठ्ठा केवळरामाला लागलाच नाही. आदल्या दिवशी मंडईत घरोघरी हादडून आला होता, पोट फुगलं, शूळ उठला आणि गेला. यात डेपोचा काय दोष?

गोकुळानं नोटा परत त्याच्याकडे सरकवल्या. मग म्हणाली, "मुनशीजी, पैसे उचला. माहा मालक खाऊन मेला, असं म्हनायले मी अंगठा नाई देत."

लच्छूजी गेला, पण त्याचं बोलणं गावात राहिलं. केवळराम खाऊन मेला. बाया हळहळायच्या, तरी म्हणायच्या, खरंच बाई, माझ्या घरी किती जेवला होता त्या दिवशी. गोकुळाला नवरा गेल्याचं दुःख होतंच. त्यावर हे आणखी एक. जन्मभर ज्याच्या पोटाची पाळ राखली, त्याचं नाव त्याच पोटावरून जायचं.

सुगंधाबाईच्या माहेरचे एक गुणवंतराव चांद्याला वकील होते. सुगंधाबाईनंच गोकुळाला मोटारीत बसवून त्यांच्याकडे नेलं. गुणवंतरावांनी सगळं ऐकलं आणि सुपारी कातरत कायदा समजावला. म्हणाले, मजूर कामावर असताना अपघातानं मेला, तर त्याच्या घरच्यांना मालकानं भरपाई द्यायची, असा कायदाच आहे. ती खुशी नाही, हक्क आहे. मेलेल्या माणसाची किंमत काही कायदा लावत नाही. त्याच्या कमाईवर जे जगत होते, त्यांची चूल विझू नये एवढंच बघतो. अंगठा दिला नाहीत ते बरं केलं. मृत्यूच्या कामात असे पैसे हातात देऊन मालक सुटत नाही, ते सरकारी साहेबाकडेच भरावे लागतात. आणि उद्या मालक म्हणाला, की केवळराम बेसावध होता, पेंगत होता, तरी जीव गेल्यावर कायदा त्या गोष्टी मोजत नाही.

गोकुळा म्हणाली, मग भांडण कशाचं?

गुणवंतराव म्हणाले, "भांडण एवढंच, की तो लठ्ठ्यानं गेला का वड्यानं. लठ्ठ्यानं गेला असेल तर मालक देईल. वड्यानं गेला असेल तर मालकाचा काही संबंध नाही."

लठ्ठा पडताना इसरूनं पाहिलं होतं. पण इसरू अजून त्याच डेपोत होता, आणि आता विचारलं की म्हणायचा, मी पल्याडच्या अंगाले होतो, मले दिसलं नाई. तेव्हा वकिलांनी ठरवलं, की आधी वडा खोडायचा. केवळरामनं मंडईत बेतानं खाल्लं होतं, हे ज्यांनी वाढलं त्या बायांनीच साहेबापुढे सांगायचं. सुगंधाबाई लगेच तयार झाली. गुणाबाई आणि चंदाबाई, या दोघींनाही तिनंच तयार केलं.

केवळरामनं बेतानं खाल्लं हे खरं, पण कसं, ते फक्त तिलाच माहीत होतं. पंचाची गोष्ट सांगायची, तर या बायांना त्यांच्या तोंडावर सांगायचं, की वर्षानुवर्षं तुमचे वडे आम्ही पानातून चोरून उचलले. आणि सुगंधाबाईला? जी आपलं काम सोडून मोटारीचे हिसके खात इथवर आली तिला? गोकुळानं ठरवलं, की देवानं सांभाळलं तर ते सांगायची पाळीच येणार नाही.

तारखेच्या दिवशी साहेबाच्या कचेरीच्या आवारात चिंचेखाली गुणवंतरावांनी तिघींना पुन्हा एकदा पढवलं. थोडंच खाल्लं, एवढं म्हणा. बाकी काही बोलू नका. तिघींनी माना हलवल्या.

पण आत गेल्यावर चित्र वेगळं होतं. खुर्चीत साहेब, बाजूला कारकून, दारात पट्टेवाला, ठेकेदाराची माणसं, आणि आपापल्या कामाला आलेले किती तरी अनोळखी लोक. म्हणजे भरलेली पंगतच. त्या पंगतीत साहेबानं सुगंधाबाईला विचारलं, की बाई, मंडईच्या दिवशी केवळराम तुमच्याकडे काय जेवला?

सुगंधाबाईनं तोंड उघडलं. थोडंच, हा शब्द तिच्या ओठावर आला असेल, कारण ती क्षणभर थांबली. मग तिनं त्या सगळ्या अनोळखी तोंडांकडे बघितलं. माझ्या घरून पाहुणा थोडं खाऊन उठला, हे चांद्याच्या कचेरीत कागदावर लिहून ठेवायचं? तिनं पदर खोचला आणि सुरू झाली. वडे तर खाल्लेच, पुन्हा मागून खाल्ले. खीर दोनदा. कोंबडीचा रस्सा वाटी तोंडाला लावून. उठताना त्याला भिंतीला हात टेकावा लागला, साहेब, असं जेवला. कोसमटोल्यात कोणालाही विचारा, सुगंधाच्या घरून कोणी उपाशी गेला का.

गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. ठेकेदाराचे वकील इतके खूश झाले, की त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवलं.

मग गुणाबाई. आता सुगंधाच्या घरी एवढं जेवला म्हटल्यावर गुणाबाईच्या घरी कमी कसा जेवेल? तिनं वड्यांच्या जोडीला अनरसे आणले. चंदाबाईनं तर त्या दिवशी केलीच नव्हती ती पुरणपोळीही वाढली. तिन्ही बाया गोकुळाच्या बाजूच्या, आणि तिघींनी मिळून केवळरामला पुन्हा एकदा मारला. ठेकेदाराच्या वकिलांनी उठून एवढंच म्हटलं, की साहेब, मला काही विचारायचं नाही, जेवण झालं.

सगळे हसले. लच्छूजी मुनशी ठेकेदाराच्या माणसांत बाकावर बसला होता, तोही हसला. ठेकेदाराच्या माणसांबरोबर आलेला इसरू भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही.

मग गोकुळाला बोलावलं. ती उभी राहिली. तिला बापाचं बोलणं आठवलं, की सांडवा तुंबला तर पाण्यात उतरावंच लागते, मग ते किती का गार असेना. तिनं सुगंधाबाईकडे बघितलं नाही. साहेबाकडेच बघत म्हणाली, "साहेब, ह्या बाया खोटं नाई बोलून राह्यल्या. त्याईनं वाढलं ते खरं हाये. पन त्यानं खाल्लं नाई. मीच त्याले खाऊ नाई दिलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. धुवट पंचा, मोडलेला तुकडा, मिटलेले डोळे, बायांची वळलेली पाठ. वा बाई, हात आहे का काय आहे, हेसुद्धा सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा हलला, कारण केवळराम ते फार छान म्हणायचा. त्या दिवशीही तो पंचा भरूनच घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज पिऊन डेपोत गेला आणि पंचा सोबत नेला.

ठेकेदाराचे वकील उठून म्हणाले, की गोष्ट छान आहे, पण ते वडे पाहिले कोणी? गेले कुठे?

डेपोत वाटायला नेले एवढंच गोकुळाला माहीत होतं, कोणी खाल्ले ते नाही. पण तिनं तेवढं सांगायच्या आतच मागून सुगंधाबाई उठली. तिला साहेब दिसत नव्हता, वकील दिसत नव्हता. इतक्या वर्षांतले सगळे वडे एकदम तिच्या डोळ्यांपुढे आले असावेत.

"म्हंजे माहे वडे तुमी नेऊन कुत्र्याले घातले का वो गोकुळा?"

आता आपल्याकडची रीत अशी, की घरधनीण आपल्या हाताला असं म्हणायला लागली, तर ऐकणाऱ्यानं गप्प बसायचं नसतं. कोणीही असो, वैरी असो, त्यानं म्हणायचंच, की नाही बाई, फार छान झालं होतं. हे आईच्या दुधातून येतं. त्याला विचार लागत नाही. आणि लच्छूजी मुनशीनं विचार केला नाही.

तो बाकावरून अर्धा उठला आणि कळवळून म्हणाला, "कुत्र्याले कायले घालतीन बाई? मीच खाल्लो नं. काय वडे होते, अजून चव हाये तोंडात."

सुगंधाबाईच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. कारकुनाची लेखणी थांबली. ठेकेदाराच्या वकिलांना मोठा खोकला आला. लच्छूजी तसाच अर्धा उठलेला राहिला, उभा नाही आणि बसलेलाही नाही.

साहेबानं अगदी हळू विचारलं, की मुनशीजी, हे वडे आपण कधी खाल्ले?

लच्छूजीनं ठेकेदाराच्या माणसांकडे बघितलं. मग सुगंधाबाईकडे बघितलं. ती अजून त्याच्याकडे बघत होती, पदर तोंडाशी धरून, आणखी काही चांगलं ऐकायला मिळेल म्हणून. त्या नजरेपुढे खोटं बोलायचं म्हणजे वड्यांनाच खोटं म्हणायचं. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, की हुजूर, केवळराम गेला त्याच दिवशी. दुपारी. या साली आमाले मंडईची सुट्टी भेटली नाई, म्हनून केवळरामनं पंचाच माह्या पुढ्यात सोडला होता. सगळ्यात जास्त मीच खाल्लो.

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही, पण मग कोणालाच थांबता येईना. पट्टेवालासुद्धा भिंतीकडे तोंड करून हसत होता. आणि त्या हसण्यात भिंतीपाशी उभा असलेला इसरू पुढे आला. इतके महिने बाळगलेली भीती त्या हशात सैल झाली असेल, किंवा मुनशीच बोलला तर आपण का नाही, असं त्याला वाटलं असेल. तो म्हणाला, "मीबी खाल्लो साहेब. केवळभाऊनं नाई खाल्लन, तो पेजेवरच होता. अन् खुंट मोडला तवा मी पल्याड नव्हतो. याच अंगाले होतो. लठ्ठा त्याच्या पोटावर आला, मी पाह्यलो." मग त्यानं मान खाली घातली आणि तो रडायला लागला.

निकाल काही दिवसांनी लागला. केवळराम कामावर असताना लठ्ठ्यानं गेला, मालकानं भरपाई भरावी. ठेकेदारानं ती साहेबाकडे भरली. साहेबानं ती गोकुळाच्या हाती एकदम न देता, रंभा मोठी होईपर्यंत थोडी थोडी मिळेल असं ठरवून दिलं. गुणवंतराव जरा ओशाळून हे तिला सांगत होते, कारण पुष्कळांना असं आवडत नाही. गोकुळानं ऐकलं आणि म्हणाली, बरं झालं वकीलसाहेब, कायदाबी अर्ध्या पळीनंच वाढते.

गावात त्यानंतर केवळराम खाऊन मेला असं कोणी म्हणालं नाही. गोकुळाला तेवढंच हवं होतं. पण त्याची किंमत तिला कुडाच्या पलीकडे मोजावी लागली. चांद्याहून परतताना सुगंधाबाई मोटारीत तिच्या शेजारी बसली नाही. गोकुळाच्या बाजूला लोंबलेला दोडका हाताशी आला, तर ती तो तोडून गोकुळासाठी कुडावर ठेवून द्यायची, पण हाक मारायची नाही. मुनशीनं केलेली वड्यांची तारीफ ती येईल त्याला सांगायची. गोकुळाचं नाव मात्र त्यात यायचं नाही. गुणाबाई आणि चंदाबाईही तिला बघून पाणवठ्यावरून लवकर उठायच्या. गोकुळानं कोणाची मनधरणी केली नाही. तिला माहीत होतं, की तलावाला भरायला आणि उतरायला आपला वेळ लागतो.

पुढची मंडई आली. गोकुळानं घर सारवलं, रंभाला नवा परकर नेसवला आणि दारात बसली. विधवेनं घरोघरी जायचं नसतं, त्यामुळे रीतीप्रमाणे तिला कोणी बोलावणार नव्हतं. दुपार झाली, तेव्हा सुगंधाबाई कुडाला वळसा न घालता सरळ वेल बाजूला सारून कुडावरूनच आत आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चाल," ती म्हणाली.

गोकुळा गेली. सुगंधाबाईच्या ओसरीत पाट मांडला होता आणि चंदाबाई, गुणाबाई दोघीही हजर होत्या. गोकुळा पाटावर बसताच सुगंधाबाईनं तिचा पदर मागून ओढून घेतला आणि आपल्या मुठीत धरला. दोन्ही हात वर दिसले पाहिजेत, असा हुकूम झाला. मग वाढायला सुरुवात झाली आणि या खेपेला चुलीकडे कोणी वळलं नाही. गुणाबाई आणत होती, चंदाबाई वाढत होती, सुगंधाबाई पदर धरून डोळे वटारून उभी होती. एक वडा, मग दुसरा. गोकुळा मान वर करून बघायची, तशी पळी पूर्ण भरून पानात यायची. खीर आली. पुन्हा वडा. रंभा दारात उभी राहून हसत होती. गोकुळानं सगळं खाल्लं. एकही तुकडा खाली ठेवला नाही.

शेवटच्या वड्याचा तुकडा मोडून तिनं तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा बाई, हात आहे का काय आहे."

सुगंधाबाईची मूठ सैल झाली आणि तिनं गोकुळाच्या त्याच पदरानं आपले डोळे पुसले. मग नाक ओढत विचारलं, की फुटली का पाळ?

गोकुळा म्हणाली, नाई. कालपासून काही खाल्लंच नाई मी. तू येशीन हे माहीत होतं, म्हनून तलाव रिकामा करून ठेवला.

सुगंधाबाई तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे इथंही हिशेबच. तिनं रागानं आणखी एक वडा उचलला आणि गोकुळाच्या पानात आदळला, आणि गोकुळा आता खरोखरच पाटावर मागे सरकली आणि उठण्यासाठी तिला भिंतीला हात टेकावा लागला.